एलीचे प्रेम की एलीची गरज?

टोमास आल्फ्रेडसन यांच्या २००८ सालच्या ‘लेट द राइट वन इन’ या स्वीडिश भयपटात शाळेत छळ सोसणारा १२ वर्षांचा ओस्कर शेवटी रक्तपिपासू (व्हॅम्पायर) एलीला पेटीत घालून रेल्वेने निघून जातो. तिच्या हेतूचे दोन अर्थ लावले जातात.

पहिल्या अर्थानुसार हे दोन एकाकी मुलांचे निखळ प्रेम आहे. दुसऱ्यानुसार, तिच्यासाठी माणसे मारणारा होकान थकल्यामुळे एली नवा सेवक घडवत आहे. २०१० च्या अमेरिकी आवृत्तीने होकानच्या जागी असलेल्या वृद्धाचे त्या मुलीसोबतचे बालपणीचे छायाचित्र दाखवून दुसरा अर्थ जवळजवळ पक्का केला. माझ्या मते तिथेच त्या आवृत्तीने मूळ चित्रपटातली संदिग्धता गमावली. मूळ कादंबरीतला होकान तर एलीला प्रौढपणीच भेटलेला आहे.

निर्णायक वाटतो तो उंबरठ्याचा प्रसंग. रक्तपिपासूला आमंत्रणाविना घरात शिरता येत नाही; तरी ओस्करच्या हट्टापायी तशीच आत आलेल्या एलीच्या अंगातून रक्त पाझरू लागते आणि घाबरलेला ओस्कर तिला ‘ये’ म्हणतो. केवळ सेवकच हवा असता, तर एका मुलाच्या हट्टापायी तिने जीव धोक्यात घातला नसता. हा उंबरठा घराचा आहे तसाच विश्वासाचाही, आणि वयात येताना दुसऱ्याला आपल्या आयुष्यात येऊ देण्याचाही.

म्हणून मी पहिल्या अर्थाकडे झुकतो. तरीही दुसरा पुरता पुसला जात नाही, कारण एलीचा हेतू कितीही निर्मळ असला तरी ओस्कर वाढत जाणार आहे आणि ती १२ वर्षांचीच राहणार आहे.