पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर रिकामा केला, त्याला नऊ महिने झाले

आमची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फिएट, १९८६ ची. बाबांनी १९९१ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हापासून इंदूरच्या रामबागेतल्या घरीच आहे. इंजिन तेच जुनं १०८९ सीसीचं, सोलेक्स कार्बुरेटर, आणि गेल्या जुलैपर्यंत ठिणगी चारही प्लगना वेळेवर वाटणारा डिस्ट्रिब्युटर, त्यात सीबी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप असा सगळा मूळ संसार. जुलैत तो मोडला आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरून ठिणगीचं टायमिंग घेणारं इग्निशन बसवलं. आता ४,३०० किलोमीटर झाले. बसवल्या-बसवल्या लिहिलं असतं तर नुसती आरती झाली असती, म्हणून थांबलो.

आधी रोग सांगतो. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरायची, सेल्फ मारमारून बॅटरी उतरायची, मग कॅप काढून फडक्यानं पुसायची, हे कुठल्याही फिएटवाल्याला पाठ असतं. त्यावर मी काही एवढा खर्च केला नसता. आमच्या गाडीचं खरं दुखणं डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश. बुश झिजला की शाफ्ट डुलतो, शाफ्ट डुलला की पॉइंटची गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते, आणि गॅप बदलली की टायमिंगही हलतं. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मारला तर पुलीवरची खूण एका जागी ठरतच नसे, चार-पाच अंशांत थरथरत राहायची. आमचे मेकॅनिक उस्ताद दर दोन महिन्यांनी पॉइंट घासून व्हिजिटिंग कार्डानं गॅप लावायचे, गाडी आठवडाभर सोन्यासारखी चालायची, की पुन्हा पलासियाच्या सिग्नलला मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून गचके. भंगारातून दुसरा डिस्ट्रिब्युटर आणला, त्याचाही शाफ्ट तसाच डुलत होता.

तेव्हा ठरवलं की शाफ्टच नको. उस्ताद म्हणाले, "भाऊ, चलती गाड़ी को क्यों छेड़ रहे हो?" चलती म्हणजे ढकलून चालती, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार.

पुलीला ३६ दातांच्या हिशेबानं कापलेली चकती लावली, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला. म्हणजे दर दात १० अंशांचा, आणि गाळलेली जागा सेन्सरसमोरून गेली की कंट्रोलरला क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं. चकती सांवेर रोडच्या एका जॉबवाल्याकडून ४ एमएमच्या एमएस प्लेटमधून लेझरनं कापून घेतली. पुलीवर बसवल्यावर लेथला धरून तिचा डोल काढून घेतला. ते केलं नसतं तर शाफ्टचा रोग चकतीला लागला असता. समोर दोन वायरींचा मॅग्नेटिक सेन्सर, अंतर पाऊण मिलिमीटर. कंट्रोलर स्पीडुइनो, आर्डुइनो मेगावर चालणारा. त्याची रचना सगळ्यांना खुली आहे, त्यामुळे काही अडलं तर निदान आकृती तरी समोर असते.

कॉइल स्क्रॅपमध्ये निघालेल्या फोर्ड आयकॉनची. तोंडं चार, पण आत कॉइली दोनच. एक १ आणि ४ नंबरला, दुसरी २ आणि ३ ला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळे १ आणि ४ चे पिस्टन एकदमच वर येतात, एक कॉम्प्रेशनला तर दुसरा एक्झॉस्टला. ठिणगी दोन्हीकडे पडते, एक कामाची आणि एक धुरात वाया, म्हणून याला वेस्टेड स्पार्क म्हणतात. एक्झॉस्टच्या बाजूला दाब नसतो, म्हणून ती वाया जाणारी ठिणगी फारसं व्होल्टेज खात नाही. फायदा हा की कॅमवर वेगळा सेन्सर लावावा लागत नाही. दुसरा फायदा मला नंतर कागदावर आकडे मांडल्यावर कळला. ४५०० आरपीएमला जुन्या एकट्या कॉइलला सेकंदाला १५० ठिणग्या द्याव्या लागतात, म्हणजे एकीसाठी साडेसहा मिलिसेकंद, आणि त्यातलाही काही वेळ पॉइंट उघडे. कामं दोघींत वाटली की प्रत्येकीला तेरा मिलिसेकंद मिळतात आणि चार्जिंगला लागतात तीनेक. चौथ्या गियरमध्ये ओढताना पूर्वी जी धाप लागायची ती बहुतेक यामुळेच गेली.

डिस्ट्रिब्युटर मी उपटला नाही. आतले पॉइंट आणि रोटर काढून एका डबीत ठेवले, डबी डिकीत. बॉडी जागच्या जागी आहे, कारण तिथलं भोक नीट बंद केलं नाही तर तेल बाहेर येतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत ऑइल पंपही त्याच शाफ्टवर फिरतो. तुमच्या इंजिनात काय आहे ते बघितल्याशिवाय हात घालू नका.

बसवताना मी तीन ठिकाणी आपटलो. पहिला मार सर्वांत महाग पडला, दोन रविवार गेले. सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. गंमत अशी की उलट जोडूनही इंजिन सुरू होतं. फक्त कंट्रोलर सिग्नल दाताच्या भलत्याच ठिकाणी पकडतो आणि ते ठिकाण वेगाबरोबर सरकतं. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर बांधून ठेवलं, तरी रेस वाढवली की लाइटखाली खूण सहा अंश मागे जायची. मी मॅप (कुठल्या वेगाला आणि लोडला किती टायमिंग याचा तक्ता) बघतोय, चकती मोजतोय, सॉफ्टवेअरला शिव्या देतोय. शेवटी वायरी अदलाबदल केल्या, आणि खूण पुलीवर रंगवून ठेवल्यासारखी एका जागी. रेस वाढव, कमी कर, हलेना. रात्री दहाला मी आईला बाहेर बोलावून ती दाखवली. तिनं बॉनेटखाली डोकं घालून बघितलं आणि विचारलं, "हे आधी हलायचं का?"

दुसरा घोळ टायमिंग लाइटचाच. डायलवाला लाइट वेस्टेड स्पार्कच्या दुप्पट ठिणग्या मोजतो, आरपीएम दुप्पट दाखवतो आणि डायलवरचा ॲडव्हान्सही (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो आकडा) चुकवतो. डायल शून्यावर ठेवायचा आणि पुलीवर खुणा करून वाचायचं. तिसरा, जुन्या तांब्याच्या प्लग लीड तशाच ठेवल्या होत्या. त्यांच्या रेडिओ नॉइजनं कंट्रोलर चालत्या गाडीत रिसेट व्हायचा, एका सेकंदाचा गचका. सप्रेसर लीड, रेझिस्टर प्लग आणि सेन्सरला जाळी असलेली केबल घातल्यावर थांबलं. केबलची जाळी एकाच टोकाला अर्थ करायची.

आता नऊ महिन्यांचं. सकाळी चोक ओढून अर्ध्या सेल्फमध्ये गाडी सुरू होते, ऑगस्टच्या झडीतही व्हायची. स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा मंद वेग) इतका एकसारखा की सराफ्याच्या गर्दीत बंद पडली की काय म्हणून मी दोनदा चावी फिरवली आणि स्टार्टरचे दात करकरवले. मायलेज साडेअकरावरून साडेबाराच्या आसपास. एक किलोमीटर म्हणजे फार नाही, या पैशांत खर्च वसूल व्हायला माझं आयुष्य जाईल. टॉप स्पीड होता तेवढाच आहे. पीयूसीत हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) निम्म्यावर आले, कारण मिसिंग गेलं. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. तो कार्बुरेटरचा मामला आहे, इग्निशन बदलून मिक्स्चर सुधारत नाही. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला सीओ ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम चालतात, त्यात आम्ही आधीही कसेबसे होतोच.

खरी मजा घाटात. महेश्वरहून परत येताना जाम गेटची चढण. निमाडचं ऊन, गाडीत पाच माणसं, दुसरा गियर. इथे पूर्वी हमखास नॉकिंग, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी पेटून होणारी टिकटिक. उस्तादांचा उपाय म्हणजे टायमिंग मागे घेणं, मग घाटात आवाज बंद आणि एबी रोडवर गाडी मेलेली. डिस्ट्रिब्युटरमध्ये टायमिंग पुढे-मागे करणाऱ्या वजनांना आणि स्प्रिंगांना वेग कळतो, चढ कळत नाही. आता मॅनिफोल्डला (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या पाइपला) नळी टाकून प्रेशर सेन्सर जोडलाय. आमच्या गाडीत ब्रेकला मॅनिफोल्डच्या ओढीवर चालणारा सर्व्हो नसल्यानं तयार नळी नव्हती, मॅनिफोल्डला भोक पाडून आटे मारावे लागले. मॅपमध्ये जास्त लोडच्या चार-पाच घरांतून फक्त तीन अंश कमी केले. सपाटीचा ॲडव्हान्स जसाच्या तसा. मार्चमध्ये वर येऊन गेटापाशी चहाला थांबलो तोवर एकदाही टिकटिक नाही.

तक्रारीही ऐका. नोव्हेंबरमध्ये सिमरोलच्या घाटात गाडी अचानक बंद, ना मिसिंग ना झटका, दिवा मालवावा तशी. सेन्सरचं कनेक्टर हादऱ्यानं ढिलं झालं होतं. हलवून बघताना सापडलं, सुतळीनं बांधून घरी आलो, पण अर्धा तास ट्रकांच्या बाजूला घाम फुटला. पॉइंटची गाडी कण्हत-कुंथत का होईना, घरी पोचते. ही जागीच बसते. आणि बसली की रस्त्यावरचा कुठलाही मेकॅनिक कामाचा नाही. उस्तादही आता बॉनेट उघडून लांबूनच बघतात. डिकीत लॅपटॉपची केबल, जादा सेन्सर आणि पॉइंटची ती डबी, एवढं घेतल्याशिवाय मी बायपासच्या पुढे जात नाही. बॅटरी उतरली की सेल्फ मारताना व्होल्टेज ९ च्या खाली जातं आणि कंट्रोलर झोपतो, ढकलून सुरू करायची जुनी सोयही बेभरवशाची झाली.

खर्च सगळा मिळून २६,००० च्या घरात, त्यातला निम्मा कंट्रोलरचा. म्हणून कोणी विचारलं तर मी आधी त्याच्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटानं हलवून बघतो. डुलत नसेल तर पॉइंटच्या जागी आत बसणारा इलेक्ट्रॉनिक पिकअप घ्या, एका दुपारचं काम आहे आणि पॉइंट घासण्याची कटकट तेवढ्यात संपते. डुलत असेल, नवा मिळत नसेल आणि रविवारी लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसायला घरचे हरकत घेत नसतील, तरच इकडे या. माझ्या मॅपची फाइल मात्र मागू नका. या इंजिनाचा हेड एकदा घासलेला आहे, माझे आकडे तुमच्या इंजिनाला जुळणार नाहीत.

जूनच्या आत दोन कामं राहिलीत. सुतळी काढून सेन्सरला रबर सीलचं कनेक्टर घालायचं आहे, आणि कॉइल पॅक बॅटरीपासून लांब सरकवायची, तिच्या तळाला पांढरी बुरशी धरायला लागली आहे.