संस्थेसाठी जागा: भाड्याची, विकतची की दानात मिळालेली?

आमची अभ्यासिका एका फ्लॅटमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर चालायची. फेब्रुवारीत मालकांनी फ्लॅट विकला आणि नव्या मालकांनी महिनाभरात जागा रिकामी करून मागितली. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. कपाटं टेम्पोत चढत होती आणि दोन मुली जिन्यात बसून गणितं सोडवत होत्या. तेव्हापासून एखाद्या न्यासाचे विश्वस्त जागेबद्दल विचारायला आले, की भाडं किती आणि किंमत किती हे मी नंतर विचारते. आधी दोन प्रश्न: ही जागा तुमच्याकडून कोण काढून घेऊ शकतं? आणि छत गळलं तर पैसे कोण काढणार?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासापुढे साधारण तीन वाटा असतात.

भाड्याची जागा

यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि बहुतेक विश्वस्त त्यांना एकच समजतात. लीव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला जागा वापरायची फक्त परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. १८८२ च्या इझमेंट कायद्याप्रमाणे मालकाने जागा विकली तर नवा मालक ती परवानगी पाळायला बांधील नसतो. भाडेपट्ट्याचं तसं नाही. मालमत्ता विकली गेली तरी पट्टा चालू राहतो आणि नवा मालक जुन्याच्या जागी येतो. हे आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर त्या मुलींची परवड झाली नसती.

मग सरसकट भाडेपट्टाच का करू नये? कारण मालक तयार होत नाहीत आणि मुद्रांक शुल्कही बरंच जास्त बसतं. लीव्ह अँड लायसन्सला ते एकूण भाड्यावर ०.२५ टक्के आहे, त्यात अनामत रकमेचं वार्षिक १० टक्क्यांनी व्याज धरून. म्हणून व्यवहारात संस्थेच्या पदरी बहुतेक वेळा लायसन्सच पडतं. पण ते अकरा महिन्यांचंच असलं पाहिजे असं कुठे आहे? साठ महिन्यांपर्यंत करता येतं. त्यात मालकावरही लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडता न येण्याची अट, घाला. जागा विकायची झाल्यास किमान सहा महिन्यांची मुदत, ती न मिळाल्यास भरपाई, असं कलम स्पष्ट लिहून घ्या. नवा मालक त्याने बांधला जात नाही, पण जुन्या मालकाला विकण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.

आणि नोटरीवर भागवू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कार्यालयाचं भाडं आणि दुरुस्ती प्रशासकीय खर्चात मोडते, आणि विदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलानंतर त्या खर्चाची मर्यादा विदेशी देणगीच्या ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे.

विकत घेतलेली

इथे काढून घेणारा कुणी नाही, हे मोठं सुख. आयकराच्या दृष्टीनेही बरं: करसवलतीसाठी किमान ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर खर्च करावं लागतं, त्या हिशोबात इमारतीची किंमत धरता येते. मात्र मग त्याच इमारतीचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, पुन्हा खर्च म्हणून दाखवता येत नाही.

पण १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम नीट वाचा. कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. खरेदीनंतर ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे नवी मालमत्ता न्यासाच्या नोंदीत घ्यायचा अर्ज. पुढे कधी विकायची वेळ आली, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायची झाली, तर कलम ३६ खाली पुन्हा परवानगी. समाजाची मालमत्ता विश्वस्तांच्या मर्जीवर जाऊ नये म्हणून हे बंधन आहे आणि ते मला योग्यच वाटतं. पण जागा चुकीची निघाली तर पैसा वर्षानुवर्षं अडकतो, हेही खरं.

मालमत्ता करात सूट मिळते, ती सर्वसाधारण करात आणि धर्मादाय वापरापुरती. सभागृह भाड्याने देऊ लागलात की तेवढ्या भागाची सूट जाते. अग्निशमन यंत्रणा बसवलेली असेल तर दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा ‘नमुना ब’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. शहरात इमारतीला तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट. नावाची पाटी लागणार असेल तर देणगीदार मिळतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला मिळत नाही. दुरुस्ती निधी वेगळा काढण्याची ऐपत नसेल, तर खरेदी पुढे ढकला.

दानात मिळालेली

सगळ्यात जास्त घाई इथे होते, कारण फुकट मिळतंय आणि देणारा माणूस मनापासून देतोय. एका आजोबांनी आम्हाला जुनं दुमजली घर देऊ केलं होतं. नुकताच रंग दिला होता, अंगण झाडलेलं होतं. सोबतच्या गवंड्याने तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो दोन इंच आत गेला. वरच्या मजल्यावर जुने भाडेकरू राहत होते. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या सात-बारावर, आजोबांच्या दोन बहिणींची नावं होती आणि त्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं. आम्ही नको म्हणालो. आजोबांचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो, पण तो निर्णय मी आजही बदलणार नाही.

दानाची वास्तू शक्यतो भर पावसात पाहून या. स्थावर मालमत्तेचं दान दोन साक्षीदारांच्या सह्या असलेल्या नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होतं. तोंडी शब्द किंवा साध्या कागदावरचं पत्र पुरत नाही. ‘फक्त वाचनालयच चालवावं’ अशी अट असेल तर वीस वर्षांनी वाचनालयाला कुणी आलं नाही तर काय, हे देणाऱ्यासमोरच बोलून घ्या.

मग कुणी काय घ्यावं?

पैसा प्रकल्पांवर येत असेल आणि तीन वर्षांनंतरचं चित्र दिसत नसेल, तर भाड्याची जागा, साठ महिन्यांच्या करारावर. वसतिगृह, शाळा, दवाखाना उठवून दुसरीकडे नेता येत नाही. त्यांनी स्वतःच्या जागेसाठी आजपासून पैसे साठवावेत.

या दोन्हींच्या मधल्या, भाड्याची की स्वतःची हे न ठरलेल्या संस्थांना मी रॅम्पचं उदाहरण देते. दारात १५ सेंटीमीटरच्या दोन पायऱ्या असतील, तर १:१२ उताराने रॅम्प ३.६ मीटर लांब लागतो. सोसायटीतल्या भाड्याच्या फ्लॅटसमोर तेवढा रॅम्प बांधायला फारच क्वचित कुणी परवानगी देतं. तुमच्याकडे चाकाच्या खुर्चीवरून येणारी माणसं असतील, तर भाड्याची जागा बघायला जाताना मोजपट्टी घेऊन जा आणि पायऱ्या आधी मोजा.