मॅचआधीचा चहा, शाहू स्टेडियमजवळ

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ या दोन संघांची गाठ असली की मॅच चारला असली तरी मी अडीचलाच या टपरीवर हजर. नावाचा बोर्ड नाही, बाकडी दोन. एकावर आम्ही मंगळवार पेठेतले, दुसऱ्यावर शिवाजी पेठवाले, आणि मधे मामांचा स्टोव्ह.

चहा आलं ठेचून, दाट, पण साखर जास्त. कमी पाहिजे तर आधीच सांगा. कांदाभजी तीनच्या आत घ्या, कुरकुरीत मिळतात. नंतर गर्दीत घाईनं काढलेली आतून कच्ची राहतात; गेल्या वेळी माझी तशीच होती. सांगितल्यावर मामांनी दुसरी प्लेट दिली.

खरी चव बोलण्याची. आज लेफ्ट बॅक कोण, परदेशी स्ट्रायकरला बॉल पोचवायचा कसा, पाऊस पडून गेलाय तर उंच पास टाकायचे की जमिनीवरूनच खेळायचं, यावर कप गार होतो. माझं मत, मिडफिल्ड धरलं तर मॅच आपली. समोरचे काका म्हणाले, "भावा, गोलकीपरकडं बघ आधी." मला ते पटलं. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तो आमच्या कोल्हापूरचा. त्याचा विषय निघाला की दोन्ही बाकडी एक होतात.

सुट्टे पैसे घेऊन या. साडेतीननंतर उभं राहायलाही जागा नसते.