कॅम्पातलं जुन्या चिनी भांड्यांचं दुकान: सेलॅडॉन बघायचं असेल तर इथेच जा

पुण्यात जुन्या वस्तू विकणारे कमी नाहीत. जुन्या बाजारात पितळ, घड्याळं, ग्रामोफोन काय म्हणाल ते मिळतं, पण सेलॅडॉन म्हणजे ती हिरवट झिलईची जुनी चिनी भांडी नीट समजून विकणारं माणूस मला ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीतच भेटलं. दुकान छोटंसं, बाकी माल म्हणजे नेहमीचे विलायती टी-सेट आणि हंड्या-झुंबरं, त्यावर वेळ घालवू नका. सरळ आतल्या काचेच्या कपाटाशी जा.

काका भांडं हातात देतात आणि म्हणतात, "किंमत नंतर विचारा, आधी उलटं करून बघा." मला ही पद्धत फार आवडली कारण या भांड्यांचं सगळं खरं-खोटं बुडाशीच कळतं. त्यांच्याकडे लाँगचुआनचं (सेलॅडॉनसाठी नावाजलेलं चीनमधलं ठिकाण) एक मोठं जड ताट आहे, मिंग या चिनी राजघराण्याच्या काळातलं. वरून शेवाळी हिरवं, आणि उलटं केलं की बुडाला बिनझिलईचा एक गोल पट्टा दिसतो, चक्क वीटकरी रंगाचा! तो रंग कुणी लावलेला नाही. भट्टीत ताट ज्या आधारावर ठेवायचे तेवढी जागा झिलई पुसून उघडी ठेवायचे, नाहीतर ताट तिथेच चिकटून बसणार, आणि भट्टी थंड होताना हवा लागून उघड्या मातीतलं लोह तांबूस होतं. झिलईतही लोहच असतं, 1 ते 3 टक्के, पण साधारण 1200 अंशांच्या आसपास भाजताना भट्टीतली हवा मुद्दाम कोंडतात, ऑक्सिजन कमी पडतो आणि तेच लोह हिरवं येतं. म्हणजे एकाच ताटात एकच धातू वर हिरवा आणि खाली लाल, आणि हे सगळं डोंगरउतारावर बांधलेल्या लांबच लांब लाकडाच्या भट्टीत, थर्मामीटर नसताना, नुसत्या ज्वाळेचा रंग बघून. मला तर हे बघून बोलायलाच सुचेना.

काकांनी भिंग दिलं. झिलईच्या आत बारीक बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात, त्यांच्यामुळे उजेड आत पसरतो आणि रंग वर फासल्यासारखा न वाटता खोलातून आल्यासारखा वाटतो. ताटाच्या मधे कमळ कोरलंय, कोरलेल्या रेघांत झिलई साचून गडद झालीय आणि काठावर पातळ होऊन जवळजवळ पांढरी. चितारलेलं काहीच नाही, नुसत्या जाड-पातळपणातून नक्षी उठते. निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांपुढे लोक सेलॅडॉनला साधं समजतात ते मला अजिबात पटत नाही.

शेजारचा वाडगाही छान दिसत होता, पण काकांनी स्वतःहून सांगितलं की ही विसाव्या शतकातली नक्कल आहे, बुडाचा तांबूसपणा बघा, तो ब्रशने लावलाय. मग अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून दुसऱ्या एका बशीचा डागडुजी केलेला काठ दाखवला, साध्या उजेडात तो मला दिसलाच नसता. गिऱ्हाइकाला असं कोण सांगतं हो आजकाल?

गप्पाही भरपूर मारतात. मुघल दरबारात असली ताटं वापरायचे कारण विषारी अन्न वाढलं तर ताट तडकतं अशी समजूत होती (तडकत नाही, उघडच आहे), इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात हजाराहून जास्त सेलॅडॉन भांडी आहेत, 1323 च्या सुमाराला चीनहून जपानला निघालेलं एक जहाज कोरियाजवळ बुडालं त्यातून लाँगचुआनची हजारो भांडी निघाली. आपल्या चौलच्या बंदरातही चिनी भांड्यांचे तुकडे सापडलेत, त्यामुळे हा माल आपल्याला काही परका नाही. आणि लाँगचुआनची भाजण्याची ही परंपरा अजून जिवंत आहे, 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

आता तक्रारी. ट्यूबलाइटच्या उजेडात हिरवा रंग कळतच नाही, ताट दाराशी नेऊन बघायला मागा, नेऊ देतात. पार्किंग नाहीच. किमती घासाघीस करण्यासारख्या नाहीत, डागडुजीची ती छोटी बशीसुद्धा माझ्या पगाराला झेपणारी नव्हती, पण नक्कल कुठली आणि अस्सल कुठलं हे किमतीच्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं. घेणार असाल तर पक्कं बिल मागून घ्याच, शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्याखाली पुरावशेषात येते, विकायला लायसन्स लागतं (यांचं भिंतीवर लावलेलं आहे) आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या मुलांना गिफ्ट म्हणून पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या.

घ्यायचं नसलं तरी जा, काका हाकलत नाहीत. सकाळी अकराच्या सुमाराला गेलात तर दाराशी चांगलं ऊन असतं आणि गर्दीही नसते.