तळमजला ६२ मीटर, सातवा मजलाही ६२ मीटर

घरोघरी फायबर पोचलं, असं सांगून एका नव्या इमारतीत ठेकेदाराने ४८ फ्लॅटचे ४८ ओटीडीआर अहवाल (फायबरमध्ये प्रकाश सोडून तिची लांबी आणि घट आलेखावर दाखवणाऱ्या यंत्राचे) फाइलला लावले आणि बिल काढून घेतलं. अहवाल देखणे होते. फक्त तळमजल्याच्या घराची फायबर ६२ मीटर आणि सातव्या मजल्याचीही ६२ मीटर! एकच मोजणी फ्लॅटचे नंबर बदलून ४८ वेळा छापली होती. लोक राहायला आल्यावर घरातली फायबरची खोकी उघडली, तेव्हा कित्येक घरांत समोर हिरवं एससी-एपीसी अडॅप्टर (कनेक्टर खोचायची जागा) आणि मागे नुसती लोंबणारी पिगटेल, म्हणजे एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा, सापडली. ती केबलला स्प्लाइस केलेलीच, म्हणजे कायमची जोडलेलीच, नव्हती.

हे पकडायला तज्ज्ञ लागत नाही. दोन फ्लॅटचे आलेख एकावर एक धरा. फायबरची रेषा संपल्यानंतर आलेखावर दिसणारी खरखर प्रत्येक मोजणीत वेगळीच येते. ती तंतोतंत जुळली तर अहवाल नकली. पीडीएफवर समाधान मानू नका, यंत्रातली मोजणीची मूळ फाइल (एसओआर) मागा, कारण तीत मोजणीची वेळ आणि तरंगलांबी असते. घरापर्यंतचा तुकडा आखूड असल्याने मोजताना यंत्र आणि फायबर यांच्यामध्ये लाँच केबल, म्हणजे फायबरचा जादा लांब तुकडा, लावलीच पाहिजे, नाहीतर पहिला कनेक्टर डेड झोनमध्ये, म्हणजे यंत्राला सुरुवातीला काही दिसत नाही त्या भागात, बुडतो. केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे वजा करा आणि बिलातल्या लांबीशी ताडून पाहा.

फायबरच्या एका टोकातून लाल दिवा मारून तो दुसऱ्या टोकाला दाखवणं ही या धंद्यातली आवडती जादू. दिवा दिसला म्हणजे फायबर तुटलेली नाही, एवढंच. कोपऱ्यात करकचून वळवलेल्या फायबरमधूनही तो दिसतो. असं वळण १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर लपतं आणि १५५० वर उघडं पडतं, म्हणून मोजणी दोन्हींवर हवी. घरातल्या कोपऱ्यांसाठी जी.६५७ए२ फायबर मागा, ती ७.५ मिमी त्रिज्येचं वळण सोसते, साध्या जी.६५२डी ला ३० मिमी तरी द्यावे लागतात.

पॉवर मीटरचा, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, हिशेब सोपा आहे. स्प्लिटरपासून (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागापासून) घरापर्यंत दोन कनेक्टर आणि दोन स्प्लाइस धरले तर घट १ डीबीच्या (प्रकाशाची घट मोजायचं एकक) आसपास येते. २ च्या वर गेली तर कनेक्टर मळका आहे, स्प्लाइस वाईट आहे किंवा हिरव्या अडॅप्टरमध्ये त्याच्याशी न जुळणारा निळा कनेक्टर खुपसलाय. १:३२ चा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डीबी खातो; ओएनटीला (घरातल्या फायबरच्या मोडेमला) साधारण उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) खाली सिग्नल पुरत नाही. उधळायला फारसं काही उरत नाही.

आणखी एक प्रकार: फायबर तळघरातच संपते आणि तिथून वर घरांपर्यंत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल जाते. तार खरवडली की आतून पांढरी निघते.

त्या इमारतीत दुरुस्तीसाठी नवी केबल ओढायला घेतली, तर पाइपात ओढदोरी नव्हती आणि अर्ध्याअधिक पाइपांत प्लास्टर घट्ट बसलेलं. गिलाव्याआधी दोरी आरपार फिरते का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. केबल शेवटी जिन्यातून पट्टीत घालून उघड्यावरून न्यावी लागली.