सावित्रीबाईंचे चरित्र : चित्रपुस्तक की ग्राफिक नॉव्हेल?

सावित्रीबाई फुले यांची ओळख मुलांना करून द्यायची, तर त्यासाठी चित्रपुस्तक घ्यावे की ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चौकटींतल्या चित्रांतून आणि संवादाच्या फुग्यांतून सांगितलेली दीर्घ कथा, हे मुख्यतः मुलाच्या वयावर ठरते.

चित्रपुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचे असते. वाटेत अंगावर चिखल-शेण फेकले गेल्यावर शाळेत पोहोचून सोबत आणलेले दुसरे लुगडे नेसणाऱ्या आणि लगेच शिकवायला उभ्या राहणाऱ्या सावित्रीबाई समोरासमोरच्या दोन पानांवर सहज मावतात. मांडीवरचे पाच वर्षांचे मूल त्या डागाळलेल्या पदरावर बोट ठेवून ‘असे का केले?’ असे विचारते, तेव्हा पान उलटण्याआधी आपल्याला थांबावेच लागते. ते थांबणे मला फार मोलाचे वाटते. मात्र 1848 ची भिडेवाड्यातली शाळा दाखवेपर्यंत पाने संपत येतात.

1863 चे बालहत्या प्रतिबंधक गृह आणि तिथे आश्रयाला येणाऱ्या विधवांची दुःखे पेलायची, तर ग्राफिक नॉव्हेलच हवे, आणि तेही बारा वर्षांपुढच्या वाचकासाठी. 1890 मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचे मडके, धरले. एका चौकटीत भाऊबंदांचा विरोध आणि पुढच्या निःशब्द चौकटीत केवळ मडके धरलेले हात, एवढ्यात तो प्रसंग उभा राहतो. संवादाच्या फुग्यांत कल्पित वाक्ये भरणे मात्र मला खटकते, कारण मुले ती खरी मानतात. सावित्रीबाईंची पत्रे आणि 1854 चा काव्यसंग्रह उपलब्ध असताना त्यांचेच शब्द वापरावेत.