पीएसपीवर होमब्रू आणि एम्युलेटर : पावसाळाभर वापरून काय टिकलं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानातून पावसाच्या तोंडावर जुना पीएसपी-३०००, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, घेतला. त्यावर होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले गेम आणि प्रोग्राम) आणि एम्युलेटर (दुसऱ्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारे प्रोग्राम) चालवून बघितले. आता दिवाळी आली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

६.६१ फर्मवेअरवर (कन्सोलची आतली प्रणाली) एआरके-४ टाकलंय, हे बाहेरचे प्रोग्राम चालू देणारं कस्टम फर्मवेअर. ३००० मॉडेल पूर्ण बंद केलं की ते निघून जातं, ते सुरू करणारा लाँचर परत चालवावा लागतो. ते कायम ठेवणारं इन्फिनिटी बसवलं की ही कटकट मिटते. सोनीच्या मूळ मेमरी स्टिक कार्डाच्या नादाला लागू नका, मायक्रोएसडीचा अडॅप्टर घ्या.

३३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम. एवढ्यात सगळंच चालेल म्हणून मी कार्ड गच्च भरलं होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त उडवलं. टिकलं ते गेमबॉय ॲडव्हान्ससाठीचं जीपीएसपी. त्याचं चित्र २४०×१६०, आपला पडदा ४८०×२७२. दुप्पट करायला उंची ३२० लागते, ती नाही. पडदाभर ताणलं की माणसं बुटकी दिसतात. मी दीडपटीवर ठेवतो. कडेला काळं राहतं आणि चित्र जरा मऊ दिसतं, पण डोळ्याला तेच बरं. सेगाच्या मेगाड्राइव्हसाठी पिकोड्राइव्ह, एकदम झकास. सुपर निन्टेंडोचं स्नेस९एक्स टीवायएल जड गेमला धापा टाकतं, फ्रेम सोडाव्या लागतात. निन्टेंडो ६४ साठी डेडॅलस आहे, पण चालतंय म्हणायला चालतंय, नाद सोडा. प्लेस्टेशन १ ला एम्युलेटर शोधायचं कारणच नाही, सोनीचा स्वतःचा एम्युलेटर पॉप्स आतच आहे. फक्त एल२-आर२ बटणं नाहीत, ती दुसरीकडे नेमून द्यावी लागतात.

नेस्टरजे या जुन्या निन्टेंडोच्या (एनईएस) एम्युलेटरवर कॉन्ट्रा लावून भाच्याच्या हातात दिला. आम्ही टीव्हीला जोडून खेळायचो तोच. तो म्हणाला, “मामा, ह्यात जाहिरात कधी येत्या?”

खरी मजा मात्र होमब्रूत. केव्ह स्टोरी आधी टाका. दाइसुके अमाया या एकट्या माणसानं बनवून २००४ मध्ये फुकट दिलेला गेम. पीएसपीवरचं पोर्ट (दुसऱ्या यंत्रासाठी केलेली आवृत्ती) बटणांना असं बसलंय की मूळ संगणकावरचा आहे हे विसरायला होतं. दुसरा पावडर. जेफ लेटचा रोगलाइक, म्हणजे चालीचालीनं तळघरं धुंडाळायचा गेम, मुळात गेमबॉय ॲडव्हान्ससाठीचा. आपण चाल केल्याशिवाय समोरचा हलत नाही, त्यामुळं सांगलीच्या एसटीत कंडक्टर आला तरी मरायची भीती नाही. मरतो ते आपल्याच हावरटपणानं, आणि मेलं की पहिल्यापासून. डूम या जुन्या नेमबाजीच्या गेमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, त्याची पोर्टंही आहेत. एका ॲनालॉग काडीवर नेम धरायला मला जमत नाही, ज्याला जमेल त्यानं खेळावा.

पॉवरचा खटका वर सरकवून झोपवायची सोय भारी आहे, पण काही होमब्रू जागे होताना अडकतात. आधी सेव्ह स्टेट मारा, म्हणजे गेम आहे तिथंच जपून ठेवा.

बॅटरी बाजारातली घेतली तर महिन्याभरानं मागचं झाकण काढून बघत जा. माझी फुगली आणि झाकण बसेना. आणि रॉम (जुन्या गेमच्या फायली) कुठून घ्यायचे ते मला विचारू नका. केव्ह स्टोरी आणि पावडर राजरोस फुकट आहेत, तेवढ्यावर दिवाळीची सुट्टी आरामात निघते.